‘पालेभाज्या खा’ एवढं लिहून भागत नाही

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला किती वेळ येतो, हे तिथल्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. दोन-तीन मिनिटांत तपासायचं, रिपोर्ट बघायचा, गोळ्या लिहायच्या आणि उठता उठता आहाराबद्दल एखादी ओळ सांगायची. पंचवीसहून अधिक वर्षं माझी ही ओळ ठरलेली होती : ‘हिरव्या पालेभाज्या खा.’ केसपेपरवर हे लिहिलं की सल्ला दिल्याचं समाधान मला मिळायचं आणि रुग्ण मान डोलवून निघून जायचा.

दोनेक वर्षांपूर्वी एका बाईंनी मान डोलवली नाही. वय बत्तीस, हिमोग्लोबिन ७.८, जिना चढताना धाप लागते म्हणून आलेल्या. मी नेहमीची ओळ म्हटली. त्या म्हणाल्या, “मॅडम, तीस रुपयाला जुडी. निवडली, शिजवली की वाटीभर उरते. घरात खाणारे सहा, आणि माझं ताट सगळ्यात शेवटी. माझ्यापर्यंत भाजी येतच नाही, नुसता रस्सा येतो.” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं होतं. मी गोळ्या लिहून दिल्या, पण पालेभाजीची ओळ त्या दिवशी लिहिता आली नाही.

हिशेब मांडला की त्यांचं म्हणणं पटतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने दिवसाला बटाटा वगळून सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. सहा जणांच्या घराला रोज जवळजवळ अडीच किलो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुठल्या घरात हे शक्य आहे? दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे आम्ही ‘पालेभाज्या खा’ सांगत राहिलो आणि आकडा वर जात राहिला. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, हे मान्य. पण ज्या सल्ल्याचं पालन करता येत नाही, तो सल्ला नसतो, ती फक्त सांगणाऱ्याची सुटका असते.

क्वार्टरमागची बाग

यातून वाट दाखवली ती आमच्याच वॉर्डात काम करणाऱ्या एका मावशींनी. रुग्णालयाच्या क्वार्टरमागे, कपडे वाळत घालायच्या तारेवर त्यांनी मायाळूचा वेल चढवला आहे. भांडी धुतलेलं पाणी जातं तिथे अळू, कोपऱ्यात शेवगा, आणि कुंपणावर चार कडांच्या शेंगांनी लगडलेला एक वेल. “ही कुठली शेंग?” म्हणून मी विचारलं, तर त्या हसल्या. “चौधारी, मॅडम. बाजारात नाही मिळायची.” टोमॅटो, वांगी, कोबी यांपैकी त्यांच्याकडे काहीच नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “त्याला माणूस लागतो. हे आपलं आपण येतं.”

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. घरी भाजी लावायची म्हटलं की शहरातला माणूस टोमॅटोचं रोप आणतो. त्याला आधार, खत, वेळेवर पाणी, पांढरी माशी, करपा. दोन महिन्यांनी चार टोमॅटो येतात आणि कुंडी रिकामी होते. याउलट बाजारात सहसा न दिसणाऱ्या, काहींना आता ‘वेगळ्या’ वाटणाऱ्या भाज्या बहुतेक चिवट असतात. त्या बाजारात नसण्याचं कारण त्यांचा कमकुवतपणा नाही. कुणाची पानं तोडल्यावर तासाभरात मान टाकतात, कुणाचा हंगाम छोटा, कुणाला मांडव लागतो. व्यापाऱ्याला हे परवडत नाही. परसात, गॅलरीत किंवा गच्चीवर या अडचणी अडचणी राहत नाहीत, कारण तिथून चुलीपर्यंतचं अंतर वीस पावलांचं असतं.

मायाळू घ्या. हातभर फांदी मातीत खोचली तरी रुजते. उन्हाळ्यात मेथी-पालक कडक होतात तेव्हाही हा वेल पानं देतो. भजी, डाळीतली भाजी, पातळ भाजी काहीही होतं. शेवग्याची फांदी लावली की बहुधा पहिल्याच वर्षात पाला सुरू होतो. आपण शेंगांसाठी झाड वाढवतो आणि पाला वाया घालवतो. खरं तर १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर असतो. अंबाडी जूनमध्ये जुन्या बादलीत पेरली तरी चालते. घोळ तर कुंडीत आपोआप उगवतो आणि आपण तण समजून तो उपटून टाकतो.

चौधारी घेवड्याची गोष्ट तर वाचण्यासारखी आहे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या एकाच भाजीवर अहवाल काढला होता. पिकलेल्या बियांत सोयाबीनच्या तोडीची प्रथिनं, शिवाय कोवळ्या शेंगा, पानं, फुलं सगळं खाण्याजोगं. उष्ण प्रदेशातल्या कुपोषणावर हे उत्तर ठरेल, अशी आशा तेव्हा होती. तसं घडलं नाही, कारण एकरभर शेतात प्रत्येक वेलाला आधार देणं परवडत नाही. पण घराच्या कुंपणाला आधार आधीच असतो. जूनमध्ये बी लावलं की दिवस लहान व्हायला लागल्यावर फुलं येतात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला शेंगा. शेतात जे फसलं ते परसात जमतं.

कर्टोलीचं मात्र एक गुपित आहे. तिचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. हौसेने एकच वेल लावून ‘फुलं येतात, फळ धरत नाही’ म्हणणारे अनेक जण भेटतात. दोन्ही प्रकारचे कंद लावले तरच फळं येतात, आणि एकदा लावलेला कंद पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतो.

अशा वाणांचं बी गेली अनेक वर्षं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं अकोले तालुक्यातलं काम आता सर्वांना माहीत आहे. पद्मश्री मिळाल्यावर त्यांचे फोटो झळकले. पण त्यांच्या कामाचा खरा मान त्यांचं बी कुणाच्या तरी कुंडीत रुजण्यात आहे.

पाला म्हणजे गोळी नव्हे

इथवर वाचून कुणी लोहाच्या गोळ्या बंद करून शेवगा लावायला निघालं असेल, तर थांबा. डॉक्टर म्हणून मला जे सांगायचं आहे त्याचा अर्धा भाग इथून पुढे आहे.

१०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात लोह असतं साधारण चार-पाच मिलिग्रॅम. वनस्पतींतल्या लोहापैकी शरीर शोषून घेतं ते शेकडा पाच-दहा भाग. म्हणजे मोठी वाटीभर भाजी खाऊन रक्तात जातं जेमतेम पाव ते अर्धा मिलिग्रॅम. पाळी चालू असलेल्या स्त्रीची रोजची गरज दीड ते दोन मिलिग्रॅमची असते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सातवर आलं आहे, तिला भाजीच्या भरवशावर सोडणं हा निष्काळजीपणा आहे. आधी गोळी, आणि गोळीसोबत भाजी.

‘शेवग्याच्या पावडरीत पालकाच्या कितीतरी पट लोह’ अशा जाहिरातींचा हिशेबही समजून घ्या. वाळवल्यावर पाणी उडून जातं, त्यामुळे १०० ग्रॅम पावडरीत कितीतरी पट पाला मावतो. मग या वाळक्या पाल्याची तुलना ओल्या पालकाशी करायची. चमचाभर पावडर खाणाऱ्याला त्या मोठ्या आकड्याचा काहीच उपयोग नसतो.

परसबागांच्या प्रयोगांचा शास्त्रीय आढावा काय सांगतो? २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अशा शेती-पोषण प्रकल्पांच्या २३ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला होता. ज्या गोष्टी पिकवायला लावल्या त्यांचं उत्पादन आणि खाणं वाढलं, ‘अ’ जीवनसत्त्वाबाबत थोडा फायदा दिसला. लोहाबाबत मात्र ठोस पुरावा हाती लागला नाही. मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. फोलेट, कॅल्शियम, ‘क’ जीवनसत्त्व, चोथा या सगळ्यासाठी भाजी हवीच. शिवाय भाजीवर लिंबू पिळलं आणि जेवणानंतर तासभर चहा टाळला, तर डाळ-बाजरीतलं लोहही अधिक शोषलं जातं. हे काम पाला करतो, पण त्याला रक्त वाढवण्याचं औषध म्हणू नका.

‘घरचं आहे’ म्हणून

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे अतिदक्षता विभागात पन्नाशीचे एक गृहस्थ दाखल झाले होते. रक्ताच्या उलट्या, रक्तदाब खाली गेलेला. मधुमेहासाठी ते रोज सकाळी दुधीचा रस घेत. दुधी त्यांनी स्वतः गच्चीवर लावलेला, बी आदल्या वर्षीच्या स्वतःच्याच दुधीतलं. त्या दिवशी रस कडू लागला होता. “घरचा आहे, एक थेंब औषध मारलेलं नाही. कडू म्हणजे मधुमेहाला चांगलाच असणार,” असं वाटून त्यांनी पेला संपवला. चार दिवसांनी ते बरे होऊन वॉर्डात आले, पण हा प्रकार जिवावरही बेतू शकतो.

दुधी, दोडका, काकडी या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू विष असतं. किडीपासून बचावासाठी वनस्पतीने केलेली ती व्यवस्था आहे. पिढ्यान्‌पिढ्या गोड वेल निवडत आपण ते खाण्याच्या वाणांतून जवळजवळ घालवलं. पण आसपासच्या कडू भोपळ्याचे परागकण मधमाशीने आणले, तर त्या फळाच्या बियांत कडूपणा परततो आणि पुढच्या वर्षीचा वेल कडू दुधी देतो. कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांनीही कडूपणा वाढतो. हे विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. दुधीच्या रसामुळे झालेल्या मृत्यूंनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला सल्ला सोपा आहे : कडू रस पिऊ नका आणि त्यानंतर त्रास झाला तर लगेच रुग्णालय गाठा. घरच्या बियांचा दुधी असेल तर चिरण्याआधी छोटा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका आणि फळ टाकून द्या. हळहळू नका.

केरळमधून २०१३ मध्ये बिलिंबीच्या रसाने मूत्रपिंडं बंद पडलेल्या १० रुग्णांची नोंद झाली होती. कोकण-गोव्यात आमटीत घालतात तेच हे आंबट फळ. कोलेस्टेरॉल कमी होईल या समजुतीने त्यांनी त्याचा रस घेतला होता. सात जणांना डायलिसिस करावं लागलं. आमटीत दोन फळं घालणं वेगळं आणि पेलाभर रस उपाशीपोटी पिणं वेगळं. फळातलं ऑक्झलेट एकाच वेळी मूत्रपिंडात जाऊन बसतं.

आपल्या आज्या हे रसायनशास्त्र शिकल्या नव्हत्या, पण त्यांना ते येत होतं. अळवात चिंच, शेवळात काकडं, करांदे उकडून पाणी फेकणं यांपैकी काहीही नुसत्या चवीसाठी नव्हतं. अळू आणि शेवळात सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून या भाज्या आंबट घालून, पुरत्या शिजवून खायच्या. वेगळी भाजी घरी आणताना तिची पाककृतीही आणावी लागते. रोप मागताना ‘कशी करता?’ हा प्रश्न विसरू नका. स्मूदी आणि ज्यूस ही या भाज्यांची पद्धत नव्हे.

ओळख पटल्याशिवाय तोंडात काही घालू नये, याचं सर्वांत दुःखद उदाहरण पश्चिम उत्तर प्रदेशातलं आहे. तिथे दर वर्षी पावसाळ्यानंतर लहान मुलं बेशुद्ध होऊन दगावत. मेंदूज्वराचा विषाणू असेल म्हणून शोध चालला होता. बिजनौरचे डॉ. विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की दोष कासविंद्याच्या शेंगांचा होता. खेळता खेळता मुलांनी त्यातलं बी खाल्लं होतं. कासविंदा आपल्या टाकळ्याच्याच कुळातला, आणि आपल्याकडेही रस्त्याकडेला भरपूर उगवतो. टाकळ्याची पानं टोकाला गोलसर, कासविंद्याची टोकदार. पण वर्तमानपत्रात वाचून ओळख पटवू नका. जो पाला अनेक वर्षं खात आला आहे, अशा माणसाकडून ओळख करून घ्या. आणि लहान मुलं वावरतात तिथे उगवलेला कासविंदा शेंगा धरण्याआधीच काढून टाका.

काही रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पालेभाजीचं प्रमाण बदलू नये. हृदयाची झडप बदललेले आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणारे रुग्ण आमच्याकडे बरेच असतात. पालेभाजीतल्या ‘के’ जीवनसत्त्वाने त्या गोळीचा परिणाम कमी होतो. त्यांनी भाजी सोडायची नाही, पण दर आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं. मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्यांना पोटॅशियमचा धोका असतो, मुतखडा वारंवार होणाऱ्यांना ऑक्झलेटचा. माती-पाण्याचीही काळजी हवी. सांडपाण्यावर वाढवलेला पाला कच्चा खाल्ला तर पोटात जंतांची अंडी जातात, जुन्या रंगाच्या डब्यात शिसं असू शकतं. भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवून शिजवली, तर यातला जंतांचा धोका टळतो. शिसं मात्र धुवून किंवा शिजवून जात नाही, म्हणून डबाच बदला.

जागा कुणाची, वेळ कुणाचा?

‘परसबाग लावा’ हाही एक आयता सल्ला होऊ शकतो, याची मला जाणीव आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या बाईला परस कुठला? पहाटे पाचला पाण्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईच्या डोक्यावर कुंड्यांचं आणखी एक काम ठेवायचं का? आणि उद्या कुणी म्हणेल, शेवगा लावलाय ना, मग गोळ्यांचा पुरवठा उशिरा आला तरी चालेल. तसं मुळीच चालणार नाही. गोळ्या, रेशन आणि अंगणवाडीतला आहार ही सरकारची जबाबदारी आहे आणि कितीही मायाळू लावला तरी ती संपत नाही.

म्हणूनच माझी मागणी एकट्या बाईकडे नाही. सोसायट्यांच्या आवारात शोभेच्या झुडपांना रोज पाणी घातलं जातं; त्यांतली दोन झाडं शेवगा आणि हादग्याची असू शकतात, आणि त्यांचा पाला तिथे काम करायला येणाऱ्या बायकांना मोकळेपणाने नेता येऊ शकतो. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत यांच्या कुंपणांवर काटेरी तारेबरोबर चौधारीचा वेल चढू शकतो. आणि घरात कुंडी असेलच, तर तिला पाणी घालणं हे बायकांचंच काम आहे असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. बागकामाची हौस असलेल्या निवृत्त काकांनी गुलाबाशेजारी एक वेल मायाळूचा लावावा आणि त्याच्या फांद्या वाटाव्यात, एवढी विनंती.

त्या बत्तीस वर्षांच्या बाई पुढच्या महिन्यात आल्या, तेव्हा मी त्यांची आणि वॉर्डातल्या मावशींची गाठ घालून दिली. मावशींनी त्यांना मायाळूच्या चार फांद्या ओल्या कागदात गुंडाळून दिल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४ झालं. ते गोळ्यांनी झालं, हे मी त्यांनाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगते. पण त्या निघताना म्हणाल्या, “वेल दारातच आहे मॅडम. पीठ मळताना चार पानं त्यातच चिरून टाकते. माझ्या भाकरीत पण जातात.”

हल्ली मी केसपेपरवर ‘पालेभाज्या खा’ असं लिहीत नाही. आधी विचारते : दारात ऊन येतं का? पाणी किती वेळ येतं? घरात शेवटी कोण जेवतं? मग गोळीखाली एका भाजीचं नाव लिहिते आणि ती शिजवून खायची, असं लिहिते. या प्रश्नांना दीड मिनिट जास्त लागतं आणि बाहेरची रांग कुरकुरते. पण आधीची ओळ लिहायला लागायची ती दहा सेकंदं वाया जात होती, हे आता मला कळतं.